सदस्य तटस्थ

धारवाडच्या मळमड्डीतल्या त्या घरात मिरचीची फोडणीसुद्धा स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची, इतकं श्रीहरी नवलगुंदकराचं नाक नाजूक. आणि तरी त्या मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, घरात मिरचीचं बीसुद्धा उघडं नसताना, संगणकासमोर बसल्या बसल्या त्याला लागोपाठ सात शिंका आल्या. सहा नव्हेत, आठ नव्हेत. शकुंतलाबाईंनी आतून मोजल्या, हवं तर त्यांना विचारून घ्या. शिंकांचं कारण पडद्यावर होतं. जुन्या हुबळीतल्या विद्याविकासिनी कन्याशाळेच्या पानावर कुणीतरी नुकतीच चार वाक्यं घातली होती. पहिली दोन वर्षं मुली ब्याडगी मिरचीच्या रिकाम्या पोत्यांवर बसत. प्रार्थना सुरू झाली की सगळ्या शिंकत. शाळा इंदुमतीबाईंनी सुरू केली. गणपतशेठ तेव्हा गावात नव्हते. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, नुसता त्याच्या संगणकाचा आकड्यांतला अंकपत्ता, आणि तो तपासला की गाव निघायचं हुबळी. श्रीहरीनं नाक पुसलं, 'उलटवा' या शब्दावर टिचकी मारली, कारणाच्या चौकटीत 'उत्पात; संदर्भ नाही' असं लिहिलं आणि पान होतं तसं करून टाकलं. सगळं मिळून चार मिनिटं. हाताला या कामाची एवढी सवय झाली होती की डोक्याला विचारायची त्याला गरज वाटत नसे. डोक्याला कळलं ते पाचव्या मिनिटाला. मग त्याचा चहा बशीतच राहिला, आणि बशीत साय धरली.

जनकोश नावाचा तो मराठी ज्ञानकोश सगळ्यांनी मिळून लिहायचा होता. कुणीही यावं, कुणीही लिहावं, आणि कुणीही लिहिलेलं कुणीही खोडावं. असल्या कारभारात लिहिणाऱ्यांपेक्षा खोडणाऱ्यांची गरज जास्त पडते, हे श्रीहरीनं पहिल्या आठवड्यातच ओळखलं. चौतीस वर्षं त्यानं धारवाडच्या कोर्टात नकला करण्याच्या खात्यात काढली होती. मूळ कागद डावीकडे, कोरा उजवीकडे, आणि खाली 'खरी नक्कल' असा शिक्का. एवढ्या वर्षांत त्याच्या शाईतून पन्नास खून, चारशे वाटण्या आणि एका हत्तीच्या मालकीचा दावा गेला, पण त्यातलं एक अक्षर त्याचं स्वतःचं नव्हतं. निवृत्त झाल्यावर जनकोशात त्यानं 'तटस्थ' हे नाव घेतलं आणि पहारा सुरू केला. कुणी एका राजाला दोन शेपट्या लावल्या, तटस्थानं त्या चार मिनिटांत उतरवल्या. कुणी आपल्या मामाला तीन हजार वर्षं जुना कवी केला, तटस्थानं मामाला घरी पाठवलं. बेळगावच्या पानावर तर रोज सकाळी गाव या राज्यातून त्या राज्यात जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, तिथं हा तहान-भूक विसरून बसायचा. खरा कोण, राहतो कुठं, हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. पुण्याची माणसं त्याला तटस्थराव म्हणत. हे 'राव' ऐकायला कोर्टात चौतीस वर्षं पुरली नव्हती. आणि आता, दोन हजार आठ सालच्या त्या आठवड्यात, तो प्रचालकपदाला उभा होता. प्रचालक म्हणजे ज्याला पानाला कुलूप घालता येतं आणि माणसाला दाराबाहेर काढता येतं. मतदान रविवारपर्यंत होतं. लोक हसतील, पण त्रेसष्टाव्या वर्षी श्रीहरीला झोपेत कौलं मोजायची सवय लागली होती, आणि प्रत्येक कौलावर कुणाचं ना कुणाचं मत लिहिलेलं असायचं.

मिरचीच्या पोत्यांचं जगात दोनच माणसांना ठाऊक असणार, असं त्याला वाटलं. म्हणजे ठाऊक पुष्कळ जणींना होतं, पण त्या एकोणीस मुली कुठे सासरी गेल्या, कुठे वर गेल्या. शिंकांची आठवण जपून ठेवील असं एकच नाक हुबळीत उरलं होतं. ते त्याच्या अक्काचं. इंदुमती त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. लग्न होऊन गदगला गेली आणि दीड वर्षानं एक ट्रंक घेऊन परत आली. का आली ते तिनं सांगितलं नाही, आणि अप्पांनी विचारलं नाही; विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं. घरात तिच्या येण्याबद्दल कुणी बोलेना, म्हणून तिच्याशीच कुणी बोलेना. मग बावन्न साली तिनं एक दिवस गणपतशेठच्या मिरचीच्या वखारीचा माळा झाडायला घेतला. शेठ तेव्हा खरेदीला ब्याडगीला गेले होते, मुनीम भोळा होता, आणि अक्काच्या आवाजात असं काही होतं की भोळी माणसं किल्ली काढून देत. गल्लीतल्या मुली जमवल्या. सात वर्षांच्या हरीला घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून तो एकटा मुलगा त्या एकोणीस मुलींत. लाकडी जिना असा उभा की चढताना पुढच्या मुलीच्या टाचा नाकाला लागत. माळ्यावर एकच झरोका, त्यातून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात लाल धूळ तरंगायची, आणि कुणी हललं की ती उठायची. प्रार्थनेला सगळ्यांनी एकदम श्वास घेतला की पहिल्या ओळीलाच शिंकांची अशी फैर झडायची की खालच्या गल्लीतली गाढवं उधळत. अक्का थांबायची, पदरानं नाक पुसायची आणि म्हणायची, देवानं ऐकलं, आता पुढं. हरीचा हात धरून ती पाटीवर फिरवायची. तिच्या बोटांना खडूचा आणि मिरचीचा मिळून एक वास होता, आणि डोळे चोळले की आग व्हायची, म्हणून त्या माळ्यावर रडायची सोय नव्हती. शेठ महिन्यानं परत आले तेव्हा त्यांनी खालूनच आरडाओरडा केला, पोती मोजली, दोन पोती जिन्यावरून भिरकावली. मग वर येऊन बघितलं. एकोणीस मुली एका सुरात पाढे म्हणत होत्या. शेठना हिशेबाचं भारी कौतुक. ते सत्ताविशीपर्यंत ऐकत उभे राहिले आणि काही न बोलता खाली उतरले. औदार्य म्हणावं तर एवढंच, की त्यांनी हाकललं नाही. पुढं एकाहत्तर साली शाळेला सरकारी मान्यता मिळाली तेव्हा मुख्याध्यापिकेला प्रमाणपत्र लागत होतं. ते अक्काकडं नव्हतं. शाळेची दफ्तरं नव्यानं लिहिली गेली आणि त्यांत एकाहत्तरच्या आधीचं काही घालायचं कारण पडलं नाही. एकोणीस वर्षं माळ्यावरच राहिली.

आणि स्मरणिका. ती आठवली की श्रीहरी खुर्चीत जागा बदलून बसायचा. चौऱ्याण्णव साली शाळेनं समारंभ केला, तेव्हा गणपतशेठचा नातू प्रसाद धारवाडला त्याच्या घरी आला. श्रीहरी गप्पांत रंगवून सांगतो अशी कोर्टात आणि गल्लीत त्याची ख्याती होती. चार पानांत शाळेचा इतिहास लिहून द्या म्हणाला. श्रीहरीनं विचारलं, अक्काचं काय? प्रसाद म्हणाला, घाला की, घालू नका असं कोण म्हणतंय. म्हणजे कुणी जबरदस्ती केली असं म्हणायलाही जागा नव्हती. श्रीहरी लिहायला बसला आणि त्याच्या हाताला, नोकरीच्या पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, नक्कल सोडून स्वतःचं काही लिहायची चव लागली. त्यानं लिहिलं की गणपतशेठ एका सकाळी दुकानात बसले असता एक फाटक्या परकराची पोर मिरची न्यायला आली. पुडीचा कागद तिनं उलगडून सरळ केला आणि त्यावरची अक्षरं बोटानं चाचपू लागली. शेठनी विचारलं, काय बघतेस? ती म्हणाली, हे काय सांगतंय ते बघते. शेठच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच दसऱ्याला त्यांनी माळा मोकळा करून शाळा उघडली. ती पोर, तो परकर, तो कागद, डोळ्यांतलं पाणी, सगळं श्रीहरीनं एका बैठकीत, एक केळं खाता खाता रचलं. शेठच्या डोळ्यांत उभ्या जन्मात पाणी आलं असेल तर ते मिरचीनं. अक्काचं एक वाक्य त्यानं शेवटी घातलं होतं. मग पुन्हा वाचून बघितलं तेव्हा ते वाक्य पायात आलं. दाता एक, पोर एक, दसरा एक. त्यात ट्रंक घेऊन परत आलेली बाई कुठं बसवायची? गोष्ट लंगडायला लागली. त्यानं ते वाक्य काढलं, आणि गोष्ट झकास चालू लागली. खोडताना दुसरा कसलाही विचार त्याच्या मनात नव्हता, हे त्यानं स्वतःला पुढं पुष्कळदा सांगितलं, आणि जितक्यांदा सांगितलं तितकं ते वाईट ऐकू आलं. समारंभात ती गोष्ट वाचून दाखवली तेव्हा बायका डोळे टिपत होत्या. अक्का तिसऱ्या रांगेत होती. सगळ्यांबरोबर तिनं टाळ्या वाजवल्या, आणि निघताना म्हणाली, छान लिहिलंस हरी. एवढंच. सत्काराची शाल अंगावर असून त्याला त्या दिवशी थंडी वाजली.

या सगळ्यात वाईट भाग पुढचाच होता. जनकोशात या शाळेचं पान कुणी केलं ते त्याला ठाऊक नव्हतं, पण त्यात फाटक्या परकराची पोर होती, शेठच्या डोळ्यांतलं पाणी होतं, आणि वाक्याच्या शेवटी बारीक आकडा होता: संदर्भ, स्मरणिका, १९९४, पृष्ठे ९ ते १२. छापील पुरावा. कोशाचा पहिला नियम हाच, की छापलेलं असेल ते चालेल, नसेल ते काढा. अंकपत्ता बुधवारी परत आला. शाळा इंदुमतीबाईंनी सुरू केली, एवढं एकच वाक्य. श्रीहरीनं उलटवलं. गुरुवारी दोनदा आला. मग नियमानं चर्चापान उघडलं आणि तिथं मंडळी जमली. जयतीर्थ नावाचा बंगळूरचा एक इंजिनिअर होता, जुना प्रचालक; त्यानं लिहिलं, कोश म्हणजे चावडी नव्हे, आज एक मिरची म्हणेल, उद्या दुसरा हळद म्हणेल. वेदश्री नावाची एक सदस्या कुठल्याशा परदेशी विद्यापीठात होती. तिनं लांबलचक लिहिलं की ज्यांच्याकडे छापखाने होते त्यांचं सगळं छापलं गेलं आणि बायकांचं तोंडी राहिलं, मग छापलेलंच खरं म्हणणं हा न्याय की नुसती सोय? पोत्यांचं वाक्य कुणी थापा मारायला लिहीत नाही, त्याला नाक लागतं, असंही तिनं लिहिलं. श्रीहरीनं ते वाचलं, आणि पुन्हा वर जाऊन पहिल्यापासून वाचलं. ही मुलगी बरोबर बोलत होती. तिनं मधला मार्गही सुचवला: काहींच्या मते शाळा इंदुमतीबाईंनी सुरू केली, असं तरी ठेवूया. अक्काची एकोणीस वर्षं 'काहींच्या मते' म्हणून आत यायला तयार होती, दारात उभी होती. तेवढ्यात जयतीर्थनं विचारलं, स्मरणिकेतला हा लेख लिहिणारे श्री. नवलगुंदकर कोण? विश्वासार्ह आहेत का? कुणाला माहिती आहे? आणि सदस्य तटस्थानं, कपाळाचा घाम पुसत, उत्तर दिलं: धारवाडातले जुने अभ्यासक आहेत, सहसा चुकत नाहीत. लिहून झाल्यावर तो पडद्याकडं बघत राहिला. एका माणसानं दुसऱ्याची शिफारस करावी तशी त्यानं स्वतःची केली होती, आणि दोघंही खोटे होते. 'काहींच्या मते'ला त्यानं विरोध नोंदवला. चर्चा वाढली तर नवलगुंदकरांना शोधायला कुणीतरी निघेल, आणि नवलगुंदकर सापडायला फार लांब नव्हते. संध्याकाळी जयतीर्थनं अंकपत्त्याला तीन महिन्यांची बंदी घातली. कारण: वारंवार उत्पात. मतदानाच्या पानावर दोन मतं वाढली. एकानं लिहिलं, स्वतःच्या भागातल्या पानावरही हे गृहस्थ तराजू हलू देत नाहीत.

शुक्रवारी सकाळी शकुंतलाबाई म्हणाल्या, अक्कांचा फोन होता, डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जाऊन आल्यात, तुम्हाला बोलावलंय. त्यांनी आणखी काही म्हटलं नाही, पण त्याचा सदरा स्वतः आणून खुर्चीवर ठेवला, म्हणजे जाणं भाग होतं. हुबळीच्या बसमध्ये त्यानं खिडकीजवळची जागा घेतली आणि सगळ्या रस्ताभर अक्काशी बोलला. नवलूर येईपर्यंत त्यानं कबूल केलं होतं, उणकल येईपर्यंत तिनं त्याला माफ केलं होतं, आणि गाडी स्टँडात शिरली तेव्हा दोघं मिळून हसत होते. असं बोलणं त्याला फार चांगलं जमे. जुन्या हुबळीत बटणं आणि काजं करणाऱ्यांच्या गल्लीत अक्का दोन खोल्यांत एकटी राहायची. दार उघडं होतं. ती खिडकीपाशी बसून एका छापील कागदावर भिंग फिरवत होती, आणि सत्त्याहत्तराव्या वर्षीही तिची पाठ अशी सरळ होती की भिंत तिला टेकून बसली आहे असं वाटावं.

"चप्पल आत घे," ती वर न बघता म्हणाली, "कुत्रं एकच नेतंय, जोडीची अक्कल नाही त्याला." मग तिनं भिंग ठेवलं. "हरी, तू कोर्टातला माणूस. मला एक अर्ज लिहून दे."

"डोळ्याचं काय म्हणाले डॉक्टर?"

"काचबिंदू. दिवाळीपर्यंत वाचून घ्या म्हणाले, पुढचं पुढं. म्हणूनच घाई. बस की, उभा का? कुणी समन्स काढलंय?"

तो बसला. तिनं जे सांगितलं ते त्याला सगळं ठाऊक होतं, आणि तरी तिच्या तोंडून ते ऐकताना प्रत्येक वाक्य नव्यानं येत होतं. शेजारची एक मुलगी शाळेतला प्रकल्प घेऊन आली होती. शाळेचा इतिहास म्हणून तिनं हा कागद कुठून तरी छापून आणला आणि अक्कासमोर बसून वहीत उतरवून घेऊ लागली. फाटक्या परकराची पोर. अक्का म्हणाली, अगं ती पोर नव्हतीच. मुलगी म्हणाली, आज्जी, छापलंय ना. मग अक्का देशपांडे नगरात गेली, डोळ्यांच्या दवाखान्याखालीच दीपश्रीचं इंटरनेटचं दुकान आहे, तिथं दुपारी कॉलेजची पोरं नसतात. दीपश्रीनं तिला शिकवलं, आणि अक्कानं एका बोटानं, पाऊण तासात, चार वाक्यं लिहिली. ती चार मिनिटांत गेली.

"तटस्थ म्हणून कोणी आहे," अक्का म्हणाली. "आडनाव लावत नाही. पोराला असलं नाव ठेवलं म्हणजे घरात भांडणं फार असणार. तो सारखा मला खोडतोय. आणि आता म्हणे मला बंदी. काय कारण दिलंय माहीत आहे? उत्पात. अप्पा म्हणायचे मला उत्पाती, पण ते घरातल्या घरात."

श्रीहरी हसला आणि त्यानं तो छापील कागद पालथा घातला. "सोड की अक्का," तो म्हणाला. "कोण वाचतंय ते?"

"पोरी वाचतात. वहीत उतरवतात."

"स्मरणिका निघाली तेव्हा तू काही बोलली नाहीस."

हे तो का बोलला कुणास ठाऊक. कदाचित तिनं ओरडावं म्हणून, म्हणजे मग त्यालाही ओरडता आलं असतं, आणि ओरडण्यात ते एक वाक्य बाहेर पडलं असतं. ती ओरडली नाही. बाहेर काज करणाऱ्या माणसाचं यंत्र टकटकत होतं. तिनं भिंग पदराला पुसलं.

"तुझी गोष्ट चांगली होती," ती म्हणाली. "गोष्टीशी कोण भांडतं? मलासुद्धा रडू आलं त्या पोरीचं. पण हा तटस्थ तिला पुरावा म्हणतो. घे, लिही."

आणि श्रीहरी लिहायला बसला. समोर कागद आला की हाताला दुसरं काही सुचत नाही, हा त्याचा जुना रोग. ती सांगत गेली, तो लिहीत गेला, आणि मध्येच त्याच्या लक्षात आलं की तो तिचं बोलणं नीट बसवतोय, पुढचं मागं करतोय, माळ्याचा झरोका आधी आणि पोती नंतर घेतोय, म्हणजे वाचणाऱ्याला आधी ऊन दिसावं आणि मग धूळ. अर्ज इतका उतरला की वाचून दगडाला दया यावी. तो लिहिताना स्वतःच्याच विरुद्ध इतकं चांगलं काम करत होता की त्याला मधूनच त्या तटस्थाचा राग आला, खरोखरचा. हलकट माणूस. बसल्या जागेवरून म्हाताऱ्या बाईला खोडतो. त्या क्षणी जिभेच्या टोकावर 'तो मीच' एवढे दोन शब्द आले होते, ओले, तयार. समोर अक्का होती, भिंग होतं, दिवाळीला पाच महिने होते. ती उठून पाणी घेऊन आली आणि ते शब्द पाण्याबरोबर खाली गेले. भांडं परत घेताना ती म्हणाली, अजून एक ओळ घाल.

"घाल की, ज्यांनी ती गोष्ट लिहिली ते गृहस्थ हयात आहेत. धारवाडला असतात. त्यांना विचारावं. ते खोटं बोलणार नाहीत."

श्रीहरीनं तिच्याकडं बघितलं. तिचे डोळे त्याच्यावर होते, पण ते डोळे आता कशावर असत आणि काय बघत हे सांगणं अवघड झालं होतं. मधोमध स्वच्छ, कडेला कुठं तरी संपलेले. तिनं हे साधेपणानं म्हटलं असेल. तिचा आपल्या भावावर विश्वास असेल. किंवा ती त्याला दार दाखवत असेल, किल्लीसकट. त्यानं ती ओळ आपल्या हातानं, आपल्या वळणदार अक्षरात लिहिली, आणि खाली जागा सोडली. तिनं सही केली, इंदुमती, पुढं कुणाचंच नाव नाही. मग तिनं त्याला पोहे केले. पोह्यात तिनं मिरची घातली नव्हती. त्याच्या नाकाचं तिला अजून लक्षात होतं. ते पोहे खाताना त्याला जितकं कठीण गेलं तितकं पुढच्या दोन दिवसांत काहीच गेलं नाही.

बंदीमुळं थेट लिहिता येईना, म्हणून अर्ज दीपश्रीनं टाईप करून प्रचालकांना ईमेलनं पाठवला आणि शनिवारी दुपारी तो चर्चापानावर आला. वेदश्रीनं लिहिलं, हे वाचून मला रडू आलं, आता तरी लाज बाळगूया. जयतीर्थसुद्धा जरा मऊ झाला. म्हणाला, भाषा फार सुंदर आहे, आणि लेखक हयात असतील तर त्यांना विचारायला काय हरकत? मग त्यानं लिहिलं, तटस्थराव त्याच भागातले दिसतात, निकाल त्यांनीच द्यावा. मतदान संपायला एक दिवस होता. श्रीहरी उठून मागच्या अंगणात गेला. शकुंतलाबाई वाळत घातलेल्या पापडांवर कावळे येऊ नयेत म्हणून काठी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, अक्कांनी कशाला बोलावलं होतं? तो म्हणाला, एक अर्ज होता. मंजूर होणार का? त्यांनी विचारलं. तो म्हणाला, माझ्या हातात कुठं आहे. शकुंतलाबाईंनी काठी आपटली, कावळ्यावर की आणखी कशावर ते कळलं नाही.

आत येऊन तो बसला. सांगायचं ठरवलं तर काय होईल याची त्यानं कोर्टाच्या पद्धतीनं मांडणी करून बघितली. नवलगुंदकर मीच, ती गोष्ट मी रचली, असं लिहिलं तर जयतीर्थ विचारणार, तुम्ही नवलगुंदकर आहात याचा पुरावा काय? वेदश्री विचारणार, मग गुरुवारी शिफारस कुणाची केलीत? मतं जातील, राव जाईल, दोन वर्षांत उतरवलेल्या सगळ्या शेपट्यांवर लोक संशय घेतील. आणि अक्का? अक्काचं नाव पानावर येईल, कदाचित. एवढंच एका पारड्यात होतं, एक नाव. ते पारडं किती जड आहे हे त्याला कळत होतं. म्हणून त्यानं त्याकडं बघायचं टाळलं आणि नियमांची यादी उघडली. त्यात सगळं असतं. शोधणाऱ्याला मिळतं. त्यानं सावकाश, एकेक शब्द निवडून, निकाल लिहिला: अर्जदार बाईंबद्दल पूर्ण आदर आहे. त्यांच्या आठवणी मोलाच्या आहेत आणि त्या कुणीतरी छापाव्यात. परंतु लेखकाला जाऊन विचारणे म्हणजे कोशाने स्वतः संशोधन करणे होईल, आणि तसे करण्याची मुभा या कोशाला नाही. आपण सत्याचे मालक नाही, केवळ प्रकाशित मजकुराचे राखणदार आहोत. सबब छापील संदर्भ मिळेपर्यंत पान आहे तसे राहील. लिहून झाल्यावर त्यानं ते दोनदा वाचलं. कुठं खडा लागत नव्हता. सुबक होतं, आणि त्याला ते आवडलं. हेच त्याला नंतर आयुष्यभर विसरता येणार नव्हतं, की त्या क्षणी त्याला ते आवडलं.

रविवारी संध्याकाळी तो प्रचालक झाला. बाजूनं चौदा, विरुद्ध एक. विरुद्धचं मत वेदश्रीचं होतं. तिनं कारण दिलं नव्हतं. जयतीर्थनं अभिनंदन केलं आणि लिहिलं, कालचा निकाल नव्या सदस्यांना नमुना म्हणून दाखवावा असा आहे. श्रीहरीच्या पडद्यावर कुलपाचं एक छोटं चित्र नव्यानं आलं. ते चालतं का बघावं म्हणून त्यानं ते पहिल्यांदा कुठं लावलं असेल ते सांगायला नको. कन्याशाळेच्या पानाला आता कुणाचाच हात लागणार नव्हता.

सोमवारी दुपारी फोन वाजला. शकुंतलाबाई देवळात गेल्या होत्या, त्यालाच उचलावा लागला. मागं रिक्षांचे भोंगे ऐकू येत होते, म्हणजे अक्का देशपांडे नगरातून बोलत होती.

"त्याचं उत्तर आलं रे," ती म्हणाली. "दीपश्री वाचून दाखवते म्हणाली, पण मी नको म्हटलं. भिंग लावून स्वतः वाचलं. अर्धा तास लागला."

"काय म्हणतो?"

"नाही म्हणतो."

ती रागावलेली नव्हती. रागावलेली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज असा येत होता की जणू ती पाटी तपासते आहे, आणि पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा ते कसं लिहिलंय इकडं तिचं लक्ष आहे.

"पण हरी, मराठी काय सुरेख लिहितो रे तो," अक्का म्हणाली. "एक वाक्य लंगडं नाही. उगाच एक शब्द नाही. असलं आपोआप येत नाही. लहानपणी कुणीतरी पुढ्यात घेऊन, हात धरून शिकवलेलं आहे त्याला."

एक रिक्षा भोंगा वाजवत गेली. अक्काचा श्वास फोनमध्ये येत होता, जात होता, आणि त्याला घाई नव्हती. श्रीहरीनं तोंड उघडलं.

"कोण असेल, कोण जाणे," तो म्हणाला.

"होय की," अक्का म्हणाली. "कोण जाणे."